तिसऱ्या रकान्यातलं नाव

आमच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा हॉल बुक व्हायच्या आधी, साड्या ठरायच्या आधी, गुरुजींचा फॉर्म आला. गुरुजी आठवडाभर मिल्टन कीन्सला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचे आणि शनिवार-रविवारी लग्नं लावायचे, त्यामुळे त्यांचं सगळं ईमेलने आणि रकान्यांत चालायचं. वधू, वधूचे वडील, आजोबा, पणजोबा, गोत्र. शेजारी वराचं तेच. कन्यादानाच्या वेळी तीन पिढ्यांचा उच्चार करावा लागतो, तरी एकही रकाना मोकळा सोडू नये, असं खाली लाल अक्षरांत लिहिलेलं.

आमची बाजू पाच मिनिटांत भरून झाली. नवऱ्याने चहा संपायच्या आत आपले बाप, आजा लिहून टाकले आणि पेन खाली ठेवलं. दुसरी बाजू अडली, कारण जावई स्कॉटिश होता.

गोत्राचं सोपं निघालं. माहीत नसल्यास काश्यप लिहावे, अशी टीप होतीच. माझे व्याही अशा रीतीने एका ईमेलमध्ये काश्यपगोत्री झाले आणि त्याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी गावातल्या पबमध्ये सगळ्यांना सांगितलं. पणजोबांसाठी मात्र अशी काही सोय नव्हती.

व्याही म्हणजे निवृत्त शाळामास्तर. एडिंबराच्या पलीकडे एका गावात पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना सुतारकाम शिकवलं. उंच, हडकुळे, बोलणं तिरकस. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा एकुलता एक. पहिल्यांदा वॉटफर्डला आमच्या घरी आले तेव्हा मी पोळ्यांची कणीक भिजवत होते. ते सरळ ओट्याशी आले, परातीतलं कोरडं पीठ चिमटीत घेतलं, अंगठ्याने चोळलं आणि म्हणाले, "दळताना दगड गरम झाला होता."

वेम्बलीहून मी वीस वर्षं तेच पीठ आणत होते. आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. होणाऱ्या व्याह्यांना पहिल्याच भेटीत काय बोलणार, म्हणून मी नुसती हसले. ते म्हणाले, "माफ करा. रक्तातच आहे. माझे आजोबा गिरणीवाले होते. माझे वडीलही असंच चोळून बघायचे."

हे गिरणीवाले आजोबा म्हणजेच जावयाचे पणजोबा, म्हणजेच तिसरा रकाना. ॲबर्डीनच्या वर कुठेतरी त्यांची ओटचं पीठ दळायची पाणगिरणी होती आणि गिरणीला लागून शेत. पस्तीस वर्षांत व्याह्यांच्या वर्गातून गेलेल्या एकूण एक पोराला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आजोबांचं नाव.

"स्वतःच्या आजोबांचं नाव माहीत नाही?" फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला. त्याला खरोखरच धक्का बसला होता.

व्याही सात वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. घरात आजोबांचा उल्लेख नुसता 'मिलर', म्हणजे गिरणीवाला, असाच व्हायचा. तो तरुणपणीच गेला, म्हणून आजी दुसरीकडे राहायची, एवढंच सांगितलेलं. आईने पुढे काही सांगितलं नाही आणि सात वर्षांच्या मुलाने विचारलं नाही. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला तरी माझ्या पणजीचं नाव कुठे माहीत आहे? पण गुरुजींच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता, त्यामुळे माझं अज्ञान झाकलेलं राहिलं.

माझा नवरा भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं लोकांना झोपवण्यात गेली आणि नुकताच तो निवृत्त झाला होता. झोपवायला आता घरात मी एकटीच. त्यामुळे हे काम त्याने ज्या उत्साहाने अंगावर घेतलं त्याने मला हायसंच वाटलं. स्कॉटलंडची जुनी रजिस्टरं तेव्हा नुकतीच कॉम्प्युटरवर यायला लागली होती. नाश्त्यानंतर तो जो स्क्रीनसमोर बसायचा तो मी हॉस्पिटलच्या फार्मसीतून परत येईपर्यंत. हातात एकच धागा होता, व्याह्यांच्या वडिलांचं पूर्ण नाव. नाव, मधलं नाव, आडनाव.

"झालं तर मग," नवरा म्हणाला. "मधलं नाव म्हणजे बापाचं नाव."

मी म्हटलं, "अहो, ते आपल्यात."

"बापाचं नाव मधे लावणार नाहीत तर काय रस्त्यावरच्या माणसाचं लावतील?"

हा प्रश्न त्याला पडावा यात नवल नव्हतं. माझ्या स्वतःच्या पासपोर्टवर मधे त्याचं नाव आहे, आणि ते तिथे का आहे हे या देशातल्या एकाही रिसेप्शनिस्टला मी पटवून देऊ शकलेले नाही. दोनदा तर दातांच्या दवाखान्यात मला त्याच नावाने हाक मारली गेली आणि मी गपचूप उठून आत गेले.

व्याही फोनवर पोट धरून हसले. "डॉक्टर, माझं मधलं नाव आमच्या पाद्र्याचं आहे. म्हणजे माझा बाप पाद्री होतो का?" लेकीनेही समजावलं. "बाबा, प्लीज! हे लोकांचा मिडल नेम काहीपण असतो. माझी एक फ्रेंडचा मिडल नेम रिव्हर आहे." नवऱ्याने दोघांनाही ऐकून घेतलं आणि पुन्हा स्क्रीनकडे तोंड केलं. ते मधलं नाव ऐकायला नावापेक्षा आडनावासारखं वाटत होतं, पण इंग्रजांच्या नावांत नाव कुठलं आणि आडनाव कुठलं हे आम्हाला कधी कळलंय?

दीड महिन्यात त्याला तीन आजोबा सापडले. एक दगडफोड्या, एक गाडीवान, आणि तिसरे चार वर्षांचे असताना आईबापांबरोबर कॅनडाला गेलेले. गिरणीवाला एकही नाही. मी रोज जेवताना विचारायची, "मग आज कुठले आजोबा?" आणि तो भात कालवत बसायचा.

शेवटी व्याहीच म्हणाले की गिरणी तरी बघून येऊ, थडग्याच्या दगडावर नाव असेल. गावाचं नाव त्यांना माहीत होतं, पण ते स्वतः कधी गेले नव्हते. मला तेव्हाच जरा विचित्र वाटलं होतं. सगळ्या जगाला सांगत फिरायचं आणि गाडीने अडीच तासांवरच्या ठिकाणी जायचं नाही. आता वाटतं, त्यांना आतून कशाची तरी भीती असावी.

मे महिन्यात आम्ही तिघं निघालो. व्याही गाडी चालवत होते, शेजारी नवरा मांडीवर फाइल घेऊन, मागे मी आणि मेथीच्या ठेपल्यांचा डबा.

गिरणी होती. चाक केव्हाच काढून नेलेलं, छपराला नवीन पत्रे, आत कोणाचा तरी ट्रॅक्टर. भिंतीला टेकून एक जातं उभं होतं, माझ्या खांद्याएवढं. मी त्यावरून हात फिरवला. छिन्नीने टाकी लावलेल्या खाचा अजून बोटाला लागत होत्या. मी व्याह्यांना आमच्या चौकातल्या गिरणीबद्दल सांगितलं. डबा डोक्यावर घेऊन आई मला पाठवायची, आणि ज्वारीवर आमचे गहू टाकू नका हे ओरडून सांगायला लावायची. गिरणीवाल्यांच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या असायच्या. ते रविवारी आंघोळ करून देवळात आले की कोणी ओळखायचं नाही.

"त्यांचं नाव काय?" व्याह्यांनी विचारलं.

मी आठवून बघितलं. "गिरणीवाले काका."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," ते म्हणाले आणि आम्ही दोघं खूप हसलो. त्या दिवशी आम्ही हसलो ते तेवढंच.

गिरणीच्या अंगणातून चर्च दिसत होतं. तिथल्या कबरींत आम्ही व्याह्यांचं आडनाव शोधत फिरलो. ते कुठे दिसेना. मग कोपऱ्यात, सगळ्यांत मोठा, चकचकीत ग्रॅनाइटचा दगड नवऱ्याला दिसला. त्यावर एक नाव, खाली 'मिलर अँड फार्मर', त्याखाली आम्ही आत्ताच पाहून आलेल्या गिरणीचं नाव. आडनाव व्याह्यांचं नव्हतं. पण आम्हाला ते चांगलं पाठ होतं. व्याह्यांच्या वडिलांचं मधलं नाव ते हेच.

"सांगितलं नव्हतं?" नवरा ओरडला. झाडावरचे कावळे उडाले. "दोन महिने ओरडून सांगतोय! मधलं नाव म्हणजे बापाचंच नाव! मी फक्त नाव म्हणून शोधत होतो, निघालं आडनाव!" फाइल डोक्यावर धरून तो अक्षरशः नाचला.

मी व्याह्यांकडे पाहिलं. ते दगडावरची खालची नावं वाचत होते. बायको. तिच्याखाली पाच मुलं, जन्माच्या क्रमाने. त्यांत त्यांचे वडील नव्हते. मिलर तरुणपणी मेलाही नव्हता. चांगला एक्क्याऐंशी वर्षं जगला होता. त्यांनी मनात वजाबाकी केली असावी, कारण थोड्या वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "माझ्या वडिलांना पुरलं तेव्हा हा जिवंत होता. आम्ही तेव्हा राहायचो तिथून बारा मैलांवर."

"अहो, गप्प बसा," मी मराठीत म्हटलं. नवऱ्याचा मला त्या क्षणी इतका राग आला होता की मी भाषा बदलली नसती तर काय बोलले असते कोण जाणे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग व्याह्यांकडे. फाइल धरलेला हात हळूहळू खाली आला. बापाचं नाव शोधून काढल्याच्या आनंदात, त्या बापाने मुलाला आडनाव दिलेलं नव्हतं, ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणी ऑफिसात जायचं ठरलेलं होतं. नवरा म्हणाला, राहू दे, परत जाऊ. व्याही म्हणाले, "इतकं आलोय तर हजेरीपट बघून जाऊ." शाळामास्तरच ते.

ऑफिस म्हणजे लायब्ररीच्या मागची एक खोली. तिथल्या बाईंनी मोठं रजिस्टर काढून आमच्यासमोर उघडलं. एका पानावर तीन नोंदी. वरच्या आणि खालच्या नोंदीत मुलाचं नाव, बापाचं नाव, धंदा, आईचं नाव आणि शेवटी बापाची सही. सहीखाली 'वडील' आणि कंसात 'प्रेझेंट', म्हणजे जन्माच्या वेळी घरी हजर. मधली नोंद व्याह्यांच्या वडिलांची. बापाच्या जागी काही नव्हतं. आईचं नाव, त्यापुढे 'घरकामाची मोलकरीण', पत्ता गिरणीचा. सही तिचीच होती. सावकाश, एकेक अक्षर सुटं काढलेली.

बाईंना अशा माणसांची सवय असावी. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या की लग्न झालेलं नसेल तर बापाचं नाव तो स्वतः आईबरोबर येऊन सही करेल तरच लिहायचे. तो आला नाही तर बाई मुलाला मधलं नाव म्हणून त्याचं आडनाव द्यायची. तेवढं तिच्या हातात असायचं आणि तेवढं कोणी अडवू शकायचं नाही.

म्हणजे माझा नवरा बरोबर होता. कोर्टात टिकणार नाही, पण बरोबर. इतकं बरोबर असल्याचं दुःख झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. तो खुर्चीत अंग चोरून बसला होता.

गिरणीपासून ते ऑफिस चार मैलांवर. गाडीने ते अंतर आठ मिनिटांचं. ती बाळंतपणातून उठून चालत आली असणार. आणि गिरणीवाल्याकडे तर घोडागाडी असेलच.

व्याही बराच वेळ त्या पानाकडे पाहत होते. मग त्यांनी तिच्या सहीखाली बोट ठेवलं. तिथे फक्त 'आई' एवढंच होतं. कंसात काही नाही. "ती तिथे हजर होती हे लिहायची कोणाला गरज वाटली नाही," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडी पुन्हा तेच चालवत होते. वाटेत एकदम म्हणाले, "मला ती आठवते. एकदाच नेलं होतं मला तिच्याकडे. चुलीपाशी उभी होती. पीठ चिमटीत घेऊन चोळत होती." आणि स्टिअरिंगवरचा स्वतःचा अंगठा त्यांनी एकदा पाहून घेतला. मी मागच्या सीटवरून ठेपला पुढे केला. दुसरं काय करणार होते? त्यांनी तो खाल्ला. पिठाबद्दल काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर नवऱ्याने स्वतःला फार लावून घेतलं. त्याच्या एका रकान्यापायी साठी उलटलेल्या माणसाचा आजोबा गेला होता, शिवाय लग्नात चारशे लोकांसमोर तो आजोबा मोठ्याने उच्चारायचा होता. त्याने गुरुजींना फोन करून विचारलं, तीन पिढ्या गाळता येतील का? गुरुजी म्हणाले, गाळायचं कशाला काका, पणजोबा माहीत नसेल तर देवाचं नाव घेऊ, पुष्कळ जण घेतात. ही सोय होती तर फॉर्मवर का लिहिली नाही, असं मी पलीकडून ओरडले. पण नवऱ्याला हलकं वाटलं. त्याने व्याह्यांना तसं पत्र लिहिलं, चांगलं दोन पानी, माफी मागणारं. मला वाचून दाखवलं.

उत्तर आठ दिवस आलं नाही. व्याही लग्नाला येतात की नाही, इथपर्यंत आमची मजल गेली. लेक फोनवर म्हणाली, "ते फाइन आहेत, आई. गॅरेजमध्ये काहीतरी बनवतायत." मला तिचं ते फाइन कधीच पटत नाही.

मग पाकीट आलं. आत तोच फॉर्म, लाकडावर मापं लिहावीत तशा सुबक अक्षरांत भरलेला. वडिलांच्या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव. आजोबांच्या रकान्यात त्यांच्या वडिलांचं, मधल्या नावासकट. तिसऱ्या रकान्यात तिचं नाव. 'पणजोबा' हा छापील शब्द त्यांनी पट्टी ठेवून एका रेघेने खोडला होता. सोबत चार ओळी होत्या. तेव्हा तो चार मैल आला नाही. आता मी त्याला चारशे मैल आणून तुमच्या मुलीसमोर उभा करणार नाही. देवालाही त्रास नको. आमच्या घराण्यात तिसऱ्या जागी हीच आहे. डॉक्टरांना सांगा, त्यांच्यामुळे मिळाली.

नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि बागेत निघून गेला. गुरुजींना फोन मी केला.

"काकू, तिथे पुरुषाचं नाव लागतं," गुरुजी म्हणाले.

मी म्हटलं, "तुमच्या काश्यपाला चालतो ना कोणीही? मग हिला का नाही?"

ते गाडीत होते. मागे इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती. मिल्टन कीन्सच्या एका राऊंडअबाउटला त्यांनी पूर्ण वळसा घातला. मग म्हणाले, "मंत्रात बसतं, काकू. नाव फक्त नीट म्हणायला शिकवा मला." आणि त्या गृहस्थांनी त्यानंतर दोनदा फोन करून व्याह्यांकडूनच ते नाव घोकून घेतलं.

लग्नाच्या दिवशी व्याही किल्ट घालून आले. त्यांनी गॅरेजमध्ये बनवलेले दोन पाट होते, लेकीला आणि जावयाला बसायला. सांधे असे की नख जाणार नाही. कन्यादानाच्या वेळी ते पहिल्या रांगेत ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. आमच्या तीन पिढ्या गुरुजींनी नेहमीच्या वेगाने, एका दमात संपवल्या. मग त्यांनी कागद उलटला, श्वास घेतला आणि नवरदेव कोणाचा प्रपौत्र ते सांगायला तिचं नाव घेतलं. माइकवरून, सावकाश, एकेक अक्षर सुटं.

हॉलमध्ये नेहमीसारखा गोंगाट होता. अर्ध्या लोकांचं जेवणाकडे लक्ष होतं. त्यामुळे पुढचं फार थोड्यांनी ऐकलं असेल. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी घेतलेला तो माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला, "प्रेझेंट."

गुरुजींनी कागदावरून मान वर करून पाहिलं. मग पुढचं नाव घेतलं.